तीन शतांश

माझं काम खिडकीतलं.
पोरं पितळी बिल्ला ठेवतात, मी अवजार देते,
बिल्ला खिळ्याला टांगते.
संध्याकाळी अवजार आत, बिल्ला पोराच्या खिशात.
एकतीस नंबरच्या खिळ्यावर मात्र
सहा वर्षं एक बिल्ला लोंबत होता.

केतेवान. वर्गात पहिली.
त्किबुलीच्या खाणीतलं काम आटत चाललं
तेव्हा बापाने तिला लेथसमोर आणून उभी केली,
आणि वर्षभरात नुगझारमास्तर म्हणाले,
असा बसलेला हात मी पाहिला नाही.
पोलंडला निघायच्या आदल्या दिवशी
तिने परीक्षेचा मायक्रोमीटर मागून घेतला,
शेवटचं एकदा म्हणून,
आणि परत आलीच नाही.
तपासणीला कुणी आलं की मी म्हणायचे, वर्गात आहे.
अगदीच खोटं नव्हतं ते. कुठल्यातरी वर्गात असणारच.

या मार्चमध्ये खात्याचा नवा साहेब आला,
बुटांना काळा चिखल, हातात छापील तक्ता:
जागतिक स्पर्धेत टिकतील असे कामगार किती?
मास्तरांनी लिहिलं, सगळे.
मग खोडून लिहिलं, जे पास झाले ते सगळे.

आणि त्याच आठवड्यात पार्सल.
तेलकट फडक्यात तो मायक्रोमीटर,
एक पोलादी ठोकळा, बरोबर पंचवीस मिलिमीटरचा,
आणि चिठ्ठी:

"त्सिआलामावशी, चोरलेलं परत करते आहे.
ग्दान्स्कच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी
माझे नऊच्या नऊ तुकडे भंगारात गेले.
फोरमनने माझे हात पाहिले नाहीत, मायक्रोमीटर मागितला,
ठोकळ्यावर लावला. तीन शतांशाने खोटा.
महिनाभर झाडू मारला मी, मग पुन्हा पहिल्यापासून शिकले.
मास्तरांना सांग. नाहीतर नको सांगू.
ठोकळा मात्र कुलपात ठेव."

खिळ्यावरचा बिल्ला काढला,
आणि कुणाच्या खिशात घालावा ते कळेना.

सांगितलं मी.
मास्तर बोलले नाहीत. चष्मा पुसला,
ठोकळा चिमटीत धरला, लगेच खाली ठेवला,
हाताच्या उबेनेही पोलाद फुगतं
हे तेच शिकवतात पोरांना.
मग एकेक अवजार मागवलं. बारा.
बारातले चार खोटे निघाले.

मापात पाप म्हणतात, ते दुकानदाराचं, असं मला वाटायचं.
इथे तर कुणी लबाडी केली नव्हती.
कुणी तपासलं नव्हतं, इतकंच.

रात्री शाळेत एकच दिवा.
मास्तरांचं बोट जुन्या रजिस्टरमधून खाली खाली गेलं
आणि थांबलं:
ओतार. शाफ्ट तीन शतांशाने जाड. नापास.

मला आठवतो तो दिवस.
पोरगा रडवेला होऊन म्हणत होता,
माझ्या मापाने बरोबर आहे.
मास्तर म्हणाले होते, माप तुझंमाझं नसतं.
वाक्य खरंच होतं. अजूनही आहे.

तक्त्यातला आकडा त्यांनी पुन्हा खोडला.
जागा कोरीच ठेवली.

ओतार आता कुताइसीची मिनीबस चालवतो.
सकाळी मास्तर समोरच्या स्टँडवर गेले,
कोटाचा एक खिसा जड.
मी खिडकीतून पाहत होते:
बसचं दार उघडं, बायका पिशव्या घेऊन खोळंबलेल्या,
मास्तर काहीतरी सांगताहेत,
ओतार स्टिअरिंगवरचा हात काढत नाही.

मग काढला.
तळवा पुढे केला.
ठोकळा तिथे बराच वेळ राहिला,
ऊब लागून
डोळ्यांना कळणार नाही इतका
वाढत.